अमेरिकेत मतदारसंघाची रेघ हलते तेव्हा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आधी एक खुलासा. या पानावर ‘काँग्रेस’ म्हणजे अमेरिकेची संसद, त्यातही तिचं ४३५ जागांचं खालचं सभागृह. आपल्याकडचा पक्ष नव्हे. वाचकांची सोय म्हणून या सभागृहाच्या सदस्यांना ‘खासदार’ म्हटलं आहे. माहिती डिसेंबर २०२५ पर्यंतची आहे.

मुळात नकाशे पुन्हा पुन्हा का काढतात?

दर दहा वर्षांनी जनगणना होते आणि तिच्या आकड्यांवर ४३५ जागा ५० राज्यांत वाटल्या जातात. २०२० च्या जनगणनेनंतर टेक्सासला दोन जागा जास्त मिळाल्या. फ्लोरिडा, कोलोरॅडो, माँटाना, नॉर्थ कॅरोलायना आणि ऑरेगन यांना एकेक मिळाली. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, मिशिगन, ओहायोसह सात राज्यांनी एकेक गमावली. न्यूयॉर्कची जागा तर अवघ्या ८९ माणसांनी हुकली. तेवढी माणसं जास्त मोजली गेली असती तर जागा वाचली असती.

जागा वाढो, घटो किंवा तेवढीच राहो, राज्याच्या आतल्या सीमा बदलाव्याच लागतात, कारण १९६४ पासून सर्वोच्च न्यायालयाचा दंडक आहे की एका राज्यातल्या सगळ्या मतदारसंघांची लोकसंख्या सारखी हवी. सध्या एका मतदारसंघात सरासरी ७ लाख ६१ हजार माणसं येतात. अलास्का, वायोमिंग, व्हर्माँट अशा सहा राज्यांना एकच जागा आहे, त्यामुळे तिथे ही कटकट नाही.

हा नकाशा काढतं कोण? निवडणूक आयोग?

नाही. आपल्याकडून गेलेल्या माणसाला पहिला धक्का इथेच बसतो. बहुतेक राज्यांत राज्याचं विधिमंडळच नकाशा काढतं आणि तो साध्या कायद्यासारखा मंजूर होतो. म्हणजे ज्या पक्षाकडे विधिमंडळ, त्याच्या हातात पेन्सिल. कॅलिफोर्निया, ॲरिझोना, कोलोरॅडो, मिशिगन अशा काही राज्यांनी हे काम आयोगांकडे दिलं आहे. आयोवाची पद्धत आणखी निराळी आहे. तिथे विधिमंडळाचे निःपक्ष कर्मचारी नकाशा काढतात, आणि विद्यमान खासदार कुठे राहतो हे बघायलाही त्यांना कायद्याने मनाई आहे.

आपल्याकडे असं होत नाही का?

होतं, पण फरक मोठा आहे. आपल्याकडे मतदारसंघ पुनर्रचना आयोग सीमा ठरवतो. न्यायमूर्ती कुलदीप सिंह यांच्या आयोगाने ठरवलेल्या सीमांवर २००९ ची लोकसभा निवडणूक झाली. महाराष्ट्राच्या जागा ४८ च राहिल्या, पण आतलं चित्र पालटलं. पंढरपूर हा राखीव मतदारसंघ गेला आणि माढा हा खुला मतदारसंघ आला. शरद पवार बारामती सोडून माढ्यातून उभे राहिले. पंढरपूरचे खासदार रामदास आठवले यांना नव्याने राखीव झालेल्या शिर्डीत जावं लागलं आणि तिथे ते हरले. लातूर राखीव झाल्यावर तिथल्या जुन्या पुढाऱ्यांची दारं बंद झाली.

म्हणजे रेघ हलली की बसलेला माणूस उठतो, हे आपल्याला नवं नाही. नवं आहे ते हे की अमेरिकेत रेघ हलवणारा बऱ्याचदा त्याच खेळातला खेळाडू असतो. दुसरी गोष्ट, आपल्याकडे अनुसूचित जाती आणि जमातींच्या जागा राज्यघटनेनेच राखून ठेवल्या आहेत. तिथे राखीव जागाच नाहीत. सगळं रेघेवर अवलंबून.

‘गेरीमँडरिंग’ हा शब्द कुठून आला?

१८१२ साली मॅसॅच्युसेट्सचे गव्हर्नर एल्ब्रिज गेरी यांनी पक्षाच्या सोयीच्या नकाशावर सही केली. त्यातला एक वेडावाकडा मतदारसंघ सॅलमँडर या सरड्यासारख्या प्राण्यासारखा दिसतो म्हणून वर्तमानपत्राने थट्टा केली. गेरी अधिक सॅलमँडर, झाला गेरीमँडर.

युक्त्या दोनच आहेत. पहिली कोंबणं: विरोधकांचे सगळे मतदार एकाच मतदारसंघात भरायचे. तिथे ते ८० टक्क्यांनी जिंकू देत, बाकी सगळीकडे त्यांचा आवाजच उरत नाही. दुसरी फोडणं: एकगठ्ठा वस्तीचे चार तुकडे करून चार मतदारसंघांना चिकटवायचे, म्हणजे ती कुठेच पुरी पडत नाही. हुशार नकाशात दोन्ही एकत्र असतात.

विद्यमान खासदाराचं नेमकं काय होतं?

चारपैकी एक काहीतरी होतं, आणि चारही गोष्टी दर दशकात दिसतात.

पहिली म्हणजे तो जास्त सुरक्षित होतो. साउथ कॅरोलायनाच्या रिपब्लिकन नॅन्सी मेस २०२० मध्ये जेमतेम एका टक्क्याने जिंकल्या होत्या. नव्या नकाशाने चार्ल्स्टन भागातले सुमारे ३०,००० कृष्णवर्णीय रहिवासी त्यांच्या मतदारसंघातून शेजारच्यात हलवले. २०२२ मध्ये त्या १४ टक्क्यांच्या फरकाने निवडून आल्या. २००१ साली कॅलिफोर्नियात तर दोन्ही पक्षांनी संगनमताने आपापल्या खासदारांना जपणारा नकाशा केला. पुढच्या पाच निवडणुकांत तिथल्या ५३ जागांपैकी फक्त एका जागेवर पक्ष बदलला.

दुसरी गोष्ट, दोन खासदार एकाच मतदारसंघात येतात आणि एकमेकांशी लढतात. अलाबामात २०२४ मध्ये बॅरी मूर आणि जेरी कार्ल हे एकाच पक्षाचे दोघे असे समोरासमोर आले. मूर राहिले, कार्ल घरी गेले. मिशिगनमध्ये २०२२ साली हेली स्टीव्हन्स यांनी अँडी लेव्हिन यांना हरवलं.

तिसरी गोष्ट, खासदार बिऱ्हाड हलवतो. राज्यघटनेला खासदार त्या राज्याचा रहिवासी असला की पुरतं, मतदारसंघातच राहिलं पाहिजे असं नाही. जॉर्जियाच्या ल्यूसी मॅकबाथ यांच्या पायाखालची जमीन २०२२ मध्ये काढून घेतली. त्या शेजारच्या मतदारसंघात गेल्या आणि तिथल्या स्वपक्षीय खासदाराला हरवून आल्या. २०२४ साठी पुन्हा नकाशा बदलला, त्या पुन्हा हलल्या आणि पुन्हा जिंकल्या. इतका दम सगळ्यांत नसतो.

म्हणून चौथी गोष्ट, निवृत्ती. ती जाहीर करताना ‘कुटुंबासाठी वेळ’ असं काहीतरी म्हणतात. नकाशा शेजारी ठेवून वाचलं की खरं कारण कळतं.

राखीव जागा नाहीत, मग अल्पसंख्याकांना संरक्षण कशाचं?

१९६५ च्या मतदान हक्क कायद्याचं. त्याचं कलम २ सांगतं की वंशावरून कुणाच्या मताचा जोर कमी करता येणार नाही. १९८२ च्या दुरुस्तीनंतर हेतू वाईट होता हे सिद्ध करायची गरज उरली नाही, परिणाम वाईट असला तरी पुरे. १९८६ साली सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या कसोट्या ठरवल्या. तो समाज एका मतदारसंघात बहुमत होईल इतका मोठा आणि एका भागात वस्ती करून असला पाहिजे, तो साधारण एकदिलाने मत देत असला पाहिजे, आणि बहुसंख्याक समाज विरोधात एकगठ्ठा मत देऊन त्याचा उमेदवार नेहमी पाडत असला पाहिजे.

याच कायद्यात आणखी एक दात होता. ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांना नकाशा बदलण्याआधी केंद्राची परवानगी घ्यावी लागे. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती राज्यं ठरवण्याचं सूत्रच रद्द केलं. आता नकाशा आधी लागू होतो, खटला नंतर चालतो. यातला ‘नंतर’ फार महत्त्वाचा आहे, आणि त्याचा हिशेब पुढे अलाबामात दिसेल.

म्हणजे वंश लक्षात घेऊनच रेघ मारायची?

इथेच खरी गोम आहे. १९९३ मध्ये नॉर्थ कॅरोलायनाचा बारावा मतदारसंघ न्यायालयात गेला. तो महामार्गालगत चिंचोळ्या पट्टीसारखा पसरला होता. न्यायालय म्हणालं, केवळ वंशावर रेघा ओढणं हेसुद्धा घटनाबाह्य ठरू शकतं. तेव्हापासून राज्यं दोरीवर चालतात. वंशाकडे दुर्लक्ष केलं तर कलम २ चा भंग, जास्त लक्ष दिलं तर राज्यघटनेचा.

त्यात २०१९ च्या निकालाने पाचाविरुद्ध चार मतांनी सांगितलं की पक्षाच्या फायद्यासाठी केलेल्या नकाशात संघराज्याची न्यायालयं पडणार नाहीत. झालं! दक्षिणेत कृष्णवर्णीय मतदार बहुतांशी डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. तेव्हा कुणाची वस्ती फोडली असं विचारलं की उत्तर तयार असतं: आम्ही वंश बघितला नाही, पक्ष बघितला. मेसबाईंच्या मतदारसंघाच्या खटल्यात २०२४ साली हेच उत्तर चाललं. वंश आणि पक्ष वेगळे करून दाखवायची जबाबदारी तक्रारदारावर आली. दुधात मिसळलेलं पाणी वेगळं काढून दाखवा, असं सांगण्यासारखं हे आहे.

मग न्यायालयाने कधी नवा मतदारसंघ मिळवून दिला आहे का?

हो, अलाबामात. तिथे सुमारे २७ टक्के लोक कृष्णवर्णीय, जागा सात, आणि कृष्णवर्णीय बहुमताचा मतदारसंघ एकच. जानेवारी २०२२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या पीठाने नकाशा अडवला. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने त्या आदेशाला स्थगिती दिली आणि २०२२ ची निवडणूक अडवलेल्याच नकाशावर झाली. जून २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तक्रारदारांच्या बाजूने निकाल दिला. विधिमंडळाने तरीही मनासारखा नकाशा दिला नाही, तेव्हा न्यायालयाने स्वतः काढून घेतला. २०२४ मध्ये नव्या दुसऱ्या मतदारसंघातून शोमारी फिगर्स निवडून आले आणि राज्याचे दोन कृष्णवर्णीय खासदार पहिल्यांदाच एकाच वेळी संसदेत बसले. ‘नंतर’चा हिशेब हा असा: न्याय मिळाला, पण एक पूर्ण निवडणूक हातची गेली होती.

लुइझियानाची गोष्ट जास्त रंगतदार आहे. तिथे एक तृतीयांश लोक कृष्णवर्णीय, जागा सहा. न्यायालयाच्या दबावाखाली जानेवारी २०२४ मध्ये विधिमंडळाने दुसरा कृष्णवर्णीय बहुमताचा मतदारसंघ केला. पण कुठल्या खासदाराच्या पायाखालची जमीन काढायची? सभागृहाचे अध्यक्ष माइक जॉन्सन तिथलेच, बहुमताचे नेते स्टीव्ह स्कॅलिस तिथलेच, ज्युलिया लेटलो यांनाही जपायचं होतं. उरले गॅरेट ग्रेव्ह्स. त्यांचा मतदारसंघ बॅटन रूजपासून श्रीव्हपोर्टपर्यंत तिरका ओढला गेला. ग्रेव्ह्स यांनी निवडणूक लढवलीच नाही आणि क्लिओ फील्ड्स निवडून आले. हे फील्ड्स १९९० च्या दशकातही खासदार होते, आणि तेव्हा त्यांचा मतदारसंघ ‘वंशावर बेतलेला’ म्हणून न्यायालयाने मोडला होता. त्याच आक्षेपावर नवा मतदारसंघही सर्वोच्च न्यायालयात गेला. ऑक्टोबर २०२५ मध्ये दुसऱ्यांदा युक्तिवाद झाले, आणि त्यात कलम २ चंच भवितव्य पणाला लागलं.

विद्यमान खासदाराला जपणं आणि अल्पसंख्याकांना न्याय देणं, यांत नेहमी भांडण असतं का?

नेहमी नाही. अल्पसंख्याकांच्या बहुमताचा मतदारसंघ हा त्या खासदारासाठी किल्लाच असतो, आणि किल्ला आणखी पक्का व्हावा असं त्यालाही वाटतं. त्यात त्या समाजाचं नुकसान होऊ शकतं, कारण एका ठिकाणी ७० टक्के झाले की शेजारच्या मतदारसंघातला जोर जातो. १९९० च्या दशकात दक्षिणेत नेमकं हे झालं. कृष्णवर्णीय खासदार वाढले, आणि आसपासच्या जागा रिपब्लिकन पक्षाकडे गेल्या.

थेट भांडणाचं उदाहरण मात्र टेक्सासचं. २००३ साली रिपब्लिकन खासदार हेन्री बोनिया यांच्या तेविसाव्या मतदारसंघात लॅटिनो (लॅटिन अमेरिकी वंशाचे) मतदार वाढले होते आणि पुढच्या वेळी ते बोनियांना पाडणार अशी चिन्हं होती. मग लारेडो भागातले सुमारे एक लाख लोक उचलून दुसऱ्या मतदारसंघात टाकले. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे बेकायदा ठरवलं: लॅटिनो मतदार संधी वापरायच्या बेतात होते, तेव्हाच ती काढून घेतली. सीमा बदलल्या आणि बोनिया हरले. खासदाराला वाचवण्याची किंमत कोण देतं, हे इतकं उघड क्वचितच दिसतं.

२०२५ मध्ये अचानक एवढा गोंधळ का? जनगणना तर २०३० ला आहे.

दहा वर्षांतून एकदाच नकाशा बदलावा असा संघराज्याचा कायदा नाही, रूढी आहे. २०२५ च्या उन्हाळ्यात राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी टेक्सासकडून रिपब्लिकन पक्षासाठी आणखी पाच जागांची अपेक्षा व्यक्त केली. केंद्राच्या न्याय खात्याने पत्र लिहून चार मतदारसंघांच्या वांशिक रचनेवर बोट ठेवलं. विधिमंडळाचं खास अधिवेशन बोलावलं गेलं. गणसंख्या मोडावी म्हणून डेमोक्रॅटिक आमदार इलिनॉयला निघून गेले आणि दोन आठवड्यांनी परतले. (आमदारांना परराज्यात नेऊन ठेवण्याचा महाराष्ट्रातला अनुभव असलेल्यांना हे ओळखीचं वाटेल, फक्त इथे ते आपणहून गेले.) ऑगस्टअखेर नकाशावर सही झाली.

टेक्सासची लोकसंख्या २०१० ते २०२० मध्ये सुमारे ४० लाखांनी वाढली. त्या वाढीतले ९५ टक्के लोक श्वेतेतर, निम्मे लॅटिनो. नव्या नकाशाचा फटका मात्र ह्यूस्टन, डॅलस, ऑस्टिन आणि सॅन अँटोनियोतल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो वस्त्यांच्या मतदारसंघांना बसला. ह्यूस्टनचे ॲल ग्रीन यांचा नववा मतदारसंघ ओळखू येणार नाही इतका बदलला, म्हणून ते अठराव्यात गेले. ऑस्टिनमध्ये १९९५ पासून खासदार असलेले लॉइड डॉगेट २००३ च्या नकाशातून निभावले होते. या वेळी तरुण सहकारी ग्रेग कसार यांच्याशी लढण्याऐवजी त्यांनी थांबायचं ठरवलं.

नोव्हेंबरमध्ये एल पासोच्या तीन न्यायाधीशांच्या पीठाने दोनाविरुद्ध एक मताने नकाशा अडवला. निकालपत्र ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायाधीशाचं होतं. ४ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली आणि २०२६ साठी नवा नकाशा कायम झाला.

बाकीच्या राज्यांनी काय केलं?

कॅलिफोर्नियाने उट्टं काढलं. ४ नोव्हेंबरला मतदारांनी ‘प्रस्ताव ५०’ मंजूर केला, स्वतंत्र आयोगाचा नकाशा तात्पुरता बाजूला ठेवला आणि पाच रिपब्लिकन खासदारांच्या जागा धोक्यात आणल्या. केन कॅलव्हर्ट तर स्वपक्षाच्याच यंग किम यांच्यासमोर उभे ठाकले. मिसुरीने कॅन्सस सिटीतले कृष्णवर्णीय खासदार इमॅन्युएल क्लीव्हर यांचा मतदारसंघ फोडला. नॉर्थ कॅरोलायनाने डॉन डेव्हिस यांच्या पहिल्या मतदारसंघाला हात घातला. तो १९९२ पासून सतत कृष्णवर्णीय खासदार निवडून देत आला आहे. इंडियानात मात्र रिपब्लिकनांचं भरभक्कम बहुमत असलेल्या राज्याच्या सेनेटनेच, म्हणजे विधिमंडळाच्या वरच्या सभागृहानेच, ३१ विरुद्ध १९ मतांनी नवा नकाशा फेटाळला. मला या सगळ्या वर्षातली हीच बातमी सर्वांत अनपेक्षित वाटली.

स्वतंत्र आयोग नेमला की प्रश्न सुटतो ना?

पक्षाचा लोभ आवरतो. अल्पसंख्याकांचा प्रश्न सुटेलच असं नाही, आणि याचं उदाहरण एका मराठी माणसापाशी येऊन थांबतं.

मिशिगनच्या मतदारांनी २०१८ मध्ये १३ नागरिकांचा आयोग आणला: चार डेमोक्रॅट, चार रिपब्लिकन, पाच अपक्ष. डेट्रॉइट शहरात तीन चतुर्थांशांहून जास्त लोक कृष्णवर्णीय आहेत. ‘कोंबणं’ टाळायचं म्हणून आयोगाने शहराचे भाग उपनगरांना जोडले, आणि काँग्रेसच्या एकाही मतदारसंघात कृष्णवर्णीय बहुमत उरलं नाही. ब्रेंडा लॉरेन्स निवृत्त झाल्या, रशिदा तलीब बाराव्या मतदारसंघात गेल्या, तेरावा रिकामा झाला. डेमोक्रॅटिक पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या पक्षांतर्गत निवडणुकीला नऊ उमेदवार उतरले. कृष्णवर्णीय मतं अनेकांत वाटली गेली आणि सुमारे २८ टक्के मतांवर बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार जिंकले. १९५५ नंतर पहिल्यांदा डेट्रॉइटचा एकही कृष्णवर्णीय खासदार काँग्रेसमध्ये नव्हता.

बेळगावचा मराठी माणूस अमेरिकी संसदेत गेला याचा आनंद आपल्याला झाला, तो व्हावाच. पण त्याच बातमीकडे डेट्रॉइटचे लोक कुठल्या नजरेने बघत होते हेही समजून घ्यायला हवं. ठाणेदारांनी नियम मोडला नाही, रेघही त्यांनी मारली नव्हती. पुढे डिसेंबर २०२३ मध्ये न्यायालयाने याच आयोगाच्या राज्य विधिमंडळाच्या नकाशातले डेट्रॉइट भागातले १३ मतदारसंघ वंशावर बेतलेले म्हणून रद्द केले. काँग्रेसचा नकाशा त्या खटल्यात नव्हता.

आम्ही एच-वन-बी व्हिसावर आहोत, मत नाही. आमचा काय संबंध?

संबंध आहे, कारण जनगणनेत तुमची मोजणी होते. मतदारसंघ मतदारांवर नव्हे तर एकूण रहिवाशांवर आखले जातात, आणि २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही पद्धत एकमताने मान्य केली. म्हणजे एडिसनमधल्या तुमच्या घरातली चार माणसं न्यू जर्सीच्या हिशेबात धरलेली आहेत, मतपेटीत नसली तरी.

इतका लोभी नकाशा कधी उलटत नाही का?

उलटतो. जास्त जागा मिळवायच्या तर आपले मतदार पातळ पसरावे लागतात. मग वारा थोडा फिरला तरी सुरक्षित समजलेल्या जागाही गडगडतात. अति तिथे माती. टेक्सासचं गणित २०२४ मध्ये लॅटिनो मतदार रिपब्लिकन पक्षाकडे झुकले होते त्यावर बांधलेलं आहे. ते तिथेच टिकले तर नकाशा चालेल, परतले तर तोच नकाशा गळ्यात येईल.

माझा मतदारसंघ बदलला का, हे कसं कळेल?

तुमच्या राज्याच्या निवडणूक कार्यालयाच्या संकेतस्थळावर पत्ता टाकून बघा, किंवा काउंटीच्या निवडणूक कार्यालयात फोन करा. सीमा बदलली म्हणून नाव पुन्हा नोंदवावं लागत नाही, पण मतपत्रिकेवरची नावं बदलतात. नोव्हेंबरपर्यंत थांबू नका. सुरक्षित केलेल्या मतदारसंघात खरी लढत पक्षांतर्गत निवडणुकीतच संपते, आणि टेक्सासमध्ये ती ३ मार्च २०२६ ला आहे.